घरात व्यक्ती : दोन

पंच्याण्णव हा आकडा नक्की झाला तेव्हा दोषसिद्धी पुनर्मोजणी आयोगाच्या पुण्यातल्या कार्यालयात दुपारच्या चहाची वेळ झाली होती. सचिव रेवती बापट यांनी तो फळ्यावर लिहिला, खाली १६ जुलै २०४१ अशी तारीख टाकली आणि सगळे चहाला गेले.

'कानोसा' यंत्राच्या नोंदींवर मुख्यतः विसंबून राज्यात तोवर दोन हजार तीनशे सोळा लोकांना शिक्षा झाली होती. त्यांपैकी सुमारे पंच्याण्णव जण निर्दोष असावेत, असा त्या आकड्याचा अर्थ. ते पंच्याण्णव कोण, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

कानोसा म्हणजे छताला बसवलेली, बशीएवढी पांढरी डबी. ती आली एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. कुणी पडलं, गॅस गळला, कुणी हाक मारली, तर तिनं ऐकायचं आणि मदत बोलवायची. पुढे ती प्रत्येक नव्या-जुन्या घरात सक्तीची झाली. खासगीपणाच्या कायद्यानं एक अट घातली : ऐकलेला आवाज बहात्तर तासांत पुसून टाकायचा. मागे उरायचा फक्त गोषवारा. किती वाजता, कोण, काय. 'आगमन', 'प्रस्थान', 'वाद', 'पतन'. शब्द राहत नसत, शब्दांचा लावलेला अर्थ राहत असे. न्यायालयांनी त्या अर्थाला पुरावा मानलं.

राज्यातल्या सहाशे घरांनी मात्र संशोधनासाठी आपला मूळ आवाज जपून ठेवायला संमती दिली होती. आयोगाचे तपासनीस तो आवाज ऐकत आणि यंत्राच्या गोषवाऱ्याशी ताडून पाहत. या सहाशे घरांत यंत्र किती वेळा आणि किती गंभीर चुकलं, यावरून बाकीच्या घरांत किती चुकलं असेल याचा अंदाज निघत होता. शितावरून भाताची परीक्षा होते. भातात खडे किती असतील तेही सांगता येतं. कुठल्या घासात खडा लागेल, ते सांगता येत नाही.

महानंदा हत्तुरे आयोगात भाषा तपासनीस होती. वय सत्तेचाळीस, मूळची सोलापूरची, पुण्यात वारज्याला एकटी राहायची. आकडा फळ्यावर लागल्याच्या दुसऱ्या दिवशी ती बार्शीच्या एका घरातला आवाज ऐकत होती.

"बरं मावशी, येते हं मी."

"ये गं. सावकाश जा."

मग दाराचा आवाज. महानंदानं गोषवारा पाहिला. पहिल्या वाक्यापुढे 'आगमन', दुसऱ्यापुढे 'स्वागत'.

ती हसली. समोरच्या टेबलावरच्या कुलदीप शिरोळेला म्हणाली, "ऐक. बाई घरी निघाली आणि यंत्रानं तिला आत घेतली."

"त्याला कुणी सांगितलंच नसणार," कुलदीप म्हणाला. "आपल्यात जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, तीही वाढवते. कुठल्या शहाण्यानं शिकवलं असेल त्याला?"

शहाणा कोण, ते शोधणं सोपं होतं. प्रत्येक नियमापुढे तो शिकवणाऱ्याची खूण असायची. नियम क्रमांक २१२ : 'येतो, येते, येतोय : आगमन.' खूण होती, मह-१७.

मह-१७ म्हणजे महानंदा. बारा वर्षांपूर्वी, नोकरी नसताना, तिनं घरी बसून चाळीस हजार वाक्यांना अर्थाची लेबलं लावली होती. वाक्यं एकेकटी यायची. मागचं-पुढचं काही नाही, आवाज नाही, नुसती अक्षरं. 'मी येतो.' खाली चार पर्याय. एका वाक्याला तीन सेकंद. तिनं 'आगमन' दाबलं होतं. कुणीही दाबलं असतं.

तिचं हसू उतरायला मात्र तीन सेकंदही लागले नाहीत. तिनं संगणकावर दुसरी एक नोंद उघडली. ती तिला पाठ होती, तरी उघडली.

सोलापूर, शिवशरण हत्तुरे, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त चित्रकला शिक्षक. श्रावणातला दुसरा सोमवार, २०३४.

१८:५२ दार, किल्लीचा आवाज. गृहस्वामी परत.
१९:४१ अंबादास गुंडेटी : आगमन.
१९:४१ गृहस्वामी : स्वागत.
१९:४१ दार उघडलं. कडी नाही.
१९:५८ पतन. घरात व्यक्ती : दोन. मदत-संदेश स्थगित.
२०:०३ दार बंद. प्रस्थान.

शिवशरण हत्तुरे हे तिचे अप्पा. स्वयंपाकघराच्या ओट्याची कड डोक्याला लागून ते गेले होते. पडल्यानंतर तासभर जिवंत असावेत, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. ढकलल्यामुळे पडले की तोल जाऊन, हे जखमेवरून सांगता येणार नाही, असंही लिहिलं होतं. ते नोंदीवरून सांगितलं गेलं. अंबादास गुंडेटी, अप्पांचा जुना विद्यार्थी, चादरींच्या जेकार्ड मागाचा फिटर, सात-एक्केचाळीसला आला, बावीस मिनिटांत गेला, आणि त्या बावीस मिनिटांत अप्पा पडले. आठवड्याआधीची 'वाद, तीव्रता सात' अशी एक नोंदही त्याच्याविरुद्ध होती. जन्मठेप झाली.

खटल्यात महानंदाला एकच प्रश्न विचारला होता. या यंत्रावर तुमचा विश्वास आहे का? ती म्हणाली होती, "आहे. मी त्यावर काम केलंय."

आता ती १९:५८ची ओळ पुन्हा वाचत होती. घरात दुसरं माणूस असेल तर कानोसा लगेच मदत बोलवत नसे, म्हाताऱ्याला उचलायला माणूस आहे असं धरून थांबे. एकदा थांबवलेला संदेश पुन्हा आपणहून जात नसे. सात वर्षं तिनं ही ओळ खुन्याच्या हजेरीची खूण म्हणून वाचली होती. अंबादास सात-एक्केचाळीसला 'येतो' म्हणून निघाला असेल, तर घरात दोन व्यक्ती नव्हत्या. एकच होती, आणि ती ओट्याखाली पडली होती. यंत्र थांबून राहिलं होतं ते नियम २१२मुळे.

कुलदीपनं विचारलं, "काय गं, बरं नाही का?"

"डोकं दुखतंय," ती म्हणाली.

संध्याकाळी ती सचिवांकडे गेली. रेवती बापट यांनी सगळं ऐकून घेतलं. त्या कठोर बाई नव्हत्या.

"हत्तुरे मॅडम, वाईट वाटतंय मला. पण आपलं काम मोजणं आहे, सोडवणं नाही. या चुकीनं आकडा थोडा हलेल, तेवढं तळटीपेत घालू."

"नियम तरी आजच दुरुस्त करा."

"आज दुरुस्त केला, तर आधी चुकला होता असं होईल. उद्या दोन हजार तीनशे सोळा वकील दारात. दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत. समिती ठरवेल." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "एका माणसासाठी फेरसुनावणी हवी असेल तर नोंदीशी न जुळणारी प्रत्यक्ष साक्ष लागते. तुमची आहे का?"

"मी तेव्हा पुण्यात होते."

"मग ज्याची आहे त्याला शोधा."

*

अंबादास गुंडेटी अठ्ठावन्न वर्षांचा होता, सत्तरीचा दिसत होता. तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत तो चौकटीच्या वहीचे कागद घेऊन आला. जेकार्डचं डिझाइन चौकटी भरून काढतात. त्यानं मोर काढला होता.

"सर म्हणायचे, अंबादास, तुझा मोर म्हणजे भिजलेली कोंबडी आहे," तो म्हणाला. "बघा, सुधारलाय का. आता वेळ भरपूर हाय."

महानंदानं मोर पाहिला. सात वर्षांत ती पहिल्यांदाच आली होती.

"त्या सोमवारी काय झालं, मला पहिल्यापासून सांगाल?"

"कोर्टात सांगितलं की."

"मी ऐकलं नव्हतं. बसले होते, पण ऐकलं नव्हतं."

त्यानं कागद बाजूला ठेवला. "देवळात भेट झाली. दर श्रावणी सोमवारी सरांकडंच उपास सोडायचो मी, बायको गावी असली की. बरोबरच जिना चढलो. सरांनी किल्लीनं दार उघडलं. त्यांचा नेम तुमाला ठाऊक हाय. देवळातनं आल्यापास्नं हात धुईपर्यंत तोंड उघडायचं नाही. मुक्यानं वाढलं, मुक्यानं जेवलो. माझं ताट मी घासलं. मग म्हणालो, येतो सर. सर म्हणाले, ये. दार लोटून मी खाली उतरलो."

"लोटून? ओढून नाही?"

"शेजारचे परसादाला यायचे. सोमवारी सर दार उघडंच ठेवायला लावायचे."

कानोसाला पावलं मोजायला शिकवलेलं नव्हतं. त्याच्या लेखी माणूस म्हणजे आवाज. जो बोलला नाही तो घरात नव्हता. पाऊण तास एक माणूस अप्पांसमोर बसून जेवला, आणि यंत्रासाठी तो जन्मलाच सात-एक्केचाळीसला.

"आणि आठवड्याआधीचा वाद?"

"वाद कसला? कोंबडीचाच." तो थोडा हसला. "सर ओरडले, परत माझ्यासमोर असला कागद आणू नकोस. तुमच्यावर कधी ओरडले नाहीत व्हय?"

ओरडले होते. सगळ्यांवरच ओरडायचे.

"मुक्यानं जेवलो, हे तुम्ही कोर्टात सांगितलं होतं?"

"सांगितलं. सरकारी वकील हसले. म्हणाले, दोन माणसं पाऊण तास बसली आणि चकार शब्द नाही? मग त्यांनी तुमच्या भावाला विचारलं. मल्लिनाथ म्हणाले, अप्पांनी मौनाचा नेम दोन वर्षांपूर्वीच सोडलाय. संपलं तिथं." अंबादासनं कागदावरची घडी बोटानं दाबली. "मला वाटलं, सोडला असेल. माझ्यासाठीच पाळत असतील."

महानंदालाही तेव्हा तसंच वाटलं होतं. ती दूर राहत होती. नेम सोडला तर तिला कोण सांगणार होतं?

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. ती उठली आणि सवयीनं म्हणाली, "येते मी."

अंबादासनं झटकन हात वर केला. "नको, नंदाताई. इथनं निघताना येते म्हणू नये. जाते म्हणावं. इथं सगळे तसंच म्हणतात."

"जाते," ती म्हणाली.

*

मल्लिनाथ तिच्याहून चार वर्षांनी धाकटा. सोलापुरात विजापूर रस्त्याला त्याचा फ्लॅट होता. ती शनिवारी सकाळी पोचली तेव्हा वहिनी मुलीला घेऊन बाहेर गेली होती. त्यानं स्वतःच चहा केला.

"अक्का, अचानक? फोन तरी करायचास. कडक भाकरी ठेवली असती तुझ्यासाठी, पुण्याला न्यायला."

"मल्लू, अप्पांनी मौनाचा नेम सोडला होता?"

त्यानं कप खाली ठेवला. "आता हे कुठून काढलंस?"

तिनं सगळं सांगितलं. बार्शीची मावशी, नियम २१२, मह-१७. अंबादासची भेटही सांगितली.  सांगून झाल्यावर तो म्हणाला, "म्हणजे तो सुटणार?"

"त्या दिवशी नेम पाळला जात होता असं कुणी शपथेवर सांगितलं तर फेरसुनावणी होईल. तू सांगू शकतोस. चूक झाली, आठवत नव्हतं, असं म्हण."

"आणि मग आठ-तीनला दार कुणी ओढलं, असं विचारतील."

"वारा असेल. शेजारी असतील."

"वाऱ्यानं कडी बसत नाही, अक्का."

हे त्यानं इतक्या थंडपणे म्हटलं की ती त्याच्याकडे बघतच राहिली. तो उठून खिडकीशी गेला. पाठमोराच बोलू लागला.

"त्या आठवड्यात माझं अप्पांशी बिनसलं होतं. चौथ्या मजल्यावर एकटे राहू नका, माझ्याकडे चला म्हणालो, तर म्हणाले, तुझ्या घरात भिंतीवर चित्र लावायला जागा नाही. बायको म्हणाली, सोमवार आहे, पाया पडून या. गेलो. दार लोटलेलं. आत दिवा, आवाज काही नाही. म्हटलं, मौन असेल, जपाला बसले असतील." तो थांबला. "बरं वाटलं मला. आज बोलावं लागणार नाही म्हणून बरं वाटलं. दार ओढून घेतलं आणि खाली आलो. घरी गेलो तर बायको ओरडली, पाया न पडता कसे आलात? म्हणून नऊला परत गेलो. तेव्हा सापडले."

"आठ-तीनला आत डोकावला नाहीस."

"नाही."

"हाक मारली नाहीस."

"मौनात हाक मारायची? लहानपणी त्यापायी मार खाल्लाय आपण." तो वळला. त्याचा चेहरा कोरडा होता. "चार पावलं आत गेलो असतो तर दिसले असते. जिवंत होते तेव्हा. डॉक्टरांचा कागद मी तुझ्याइतकाच वाचलाय."

"मग पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"सांगणारच होतो. चौथ्या दिवशी ते नोंद घेऊन आले. आठ-तीन, प्रस्थान, अंबादास गुंडेटी. यंत्र सांगत होतं, खून झाला. खून झाला असेल तर माझ्या दार ओढण्यानं काय फरक पडतो? मी तेच धरून बसलो."

"पण आठ-तीनचं प्रस्थान तू होतास. नोंद चुकलीय, हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."



महानंदानं वर पाहिलं. मग त्यानंही पाहिलं. छताला पांढरी डबी होती, सगळ्यांच्या घरी असते तशी.

"बहात्तर तास आवाज राहतो," ती म्हणाली. "आयोगाचा तपासनीस तो जतन करायला सांगू शकतो. मंगळवारी अकरापर्यंत."

"म्हणजे तू मला बोलतं करायला आलीस?"

"नाही. मला माहीतच नव्हतं तुझ्यापाशी बोलण्यासारखं काही आहे. तू स्वतः जा, मल्लू. स्वतः गेलास तर मला काही करावं लागणार नाही."

"मुलगी दहावीला आहे, अक्का."

"अंबादासची मुलगी तेव्हा बारावीला होती."

"अप्पा गेले. तू पुण्यात. माझं आता कोण आहे सांग? एक तू." त्याचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "आणि तुझं लेबल? ते चुकलं नसतं तर गाडी आली असती. मी दार ओढलं, तू यंत्राचं तोंड बंद केलंस. मलाच एकट्याला का?"

"मी माझं लिहून दिलंय," ती म्हणाली. "काल. त्याला शिक्षा नाही. कलमच नाही."

सोमवारी दिवसभर तिनं फोन समोर ठेवला होता. मल्लिनाथचा फोन आला नाही. मंगळवारी सकाळी सव्वानऊला तिनं जतनाचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात तिनं लिहिलं, 'साक्षीदार माझा भाऊ आहे.' मग ते खोडलं, कारण रकाना कारणाचा होता, नात्याचा नव्हता. 'नोंदीशी विसंगत प्रत्यक्ष साक्ष' असं लिहिलं आणि पाठवून दिलं.

*

पुढचं कागदोपत्री आहे. फेब्रुवारी २०४२मध्ये न्यायालयानं अंबादास गुंडेटीला निर्दोष सोडलं. निकालात म्हटलं की गुन्हा घडल्याचाच पुरावा नाही. म्हणजे साडेसात वर्षं तो न झालेल्या खुनासाठी आत होता. त्याची बायको तिसऱ्या वर्षीच वारली होती. न्यायला जावई आला होता, तो सासऱ्याला पहिल्यांदाच बघत होता.

फाटकावरच्या शिपायाला अंबादास स्पष्ट आवाजात "जातो" म्हणाला. महानंदा रस्त्याच्या पलीकडे उभी होती. तो तिच्यापर्यंत चालत आला.

"त्या पंच्याण्णवातला मी एक का?"

"हो."

"मग बाकीचे?"

जावयानं हॉर्न वाजवला. तो जाऊन गाडीत बसला.

आयोगाचा अहवाल मार्चमध्ये आला. त्यात आकडा पंच्याण्णवच होता. नमुन्यावरून काढलेला अंदाज एका प्रकरणानं बदलत नाही, असं तळटीपेत लिहिलं होतं. नियम २१२ची दुरुस्ती समितीनं तत्त्वतः मान्य केली आणि पुढच्या आवृत्तीवर ढकलली.

खोट्या साक्षीबद्दल मल्लिनाथला दोन वर्षांची शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी वहिनीनं महानंदाकडे पाहिलं नाही. मल्लिनाथनंही पाहिलं नाही. वरच्या न्यायालयानं शिक्षा कायम केली आणि हजर होण्यासाठी त्याला ऑगस्टमधली एक तारीख दिली. त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास तो वारज्याला तिच्या दारात उभा राहिला. हातात एक पिशवी होती.

श्रावणातला सोमवार होता. तिनं दार उघडलं, तो चपला काढून आत आला. दोघंही काही बोलले नाहीत. तिनं वरण-भात लावला, दोडक्याची भाजी केली, ताटं वाढली. उपास संध्याकाळी सोडायचा असतो, पण त्याला चारच्या आत हजर व्हायचं होतं. जेवताना तिला दिसलं, तो अप्पांसारखाच शेवटचा भात ताटाच्या कडेनं गोळा करतो. जेवून त्यानं दोन्ही ताटं घासली. पिशवीतून कडक भाकरीची चवड काढून ओट्यावर ठेवली. हात पुसले.

आता बोलायला हरकत नव्हती. ती वाट पाहत होती. तो दारापाशी गेला, चपला घातल्या, पाठ फिरवली. मग सवयीनंच बोलला असावा.

"येतो, अक्का."



"ये," ती म्हणाली.

तो दार लोटून गेला. त्याची पावलं जिन्यावर खालपर्यंत ऐकू आली. ती ओट्याला धरून उभी राहिली. बऱ्याच वेळानं तिनं टेबलावरची संगणक-पाटी जवळ ओढली आणि स्वतःच्या घराची नोंद उघडली.

१३:४२ मल्लिनाथ हत्तुरे : आगमन.
१३:४२ गृहस्वामिनी : स्वागत.
१३:४२ दार उघडलं. कडी नाही.
घरात व्यक्ती : दोन.